प्रश्न अकरा, प्रश्न चोवीस

नवतपाचा तिसरा दिवस. खामल्याच्या ऑफिसात
कूलरची ताटी सुकून खडखडते
आणि मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ लिहिते:
जर अकरात शून्य, आणि चोवीसात शून्याहून जास्त,
तर अकरात एक.

प्रश्न अकरा : तुम्ही तंबाखू खाता का?
प्रश्न चोवीस : दिवसाला किती खर्रे?

बाराशे अठ्ठेचाळीस माणसं.
त्यातली एकशे त्र्याहत्तर तंबाखू खात नाहीत
आणि खर्रा खातात.
सर म्हणाले, लोक खोटं बोलतात.
मला नाही तसं वाटत.
खर्रा म्हणजे खर्रा. पन्नीत घालून घासलेला,
ठेल्यावर उभ्याउभ्या, अर्धा मित्राचा,
त्याला तंबाखू कोण म्हणतं?
माझे मोठे काका शपथेवर सांगायचे,
आपल्याला कसलं व्यसन नाही बाप्पा.
शपथ घेण्याआधी बाजूला जाऊन थुंकून यायचे.

ओळ चालवली. एकशे त्र्याहत्तर शून्यं
पापणी लवायच्या आत एक झाली.
इतक्या लवकर कुणी काही कबूल करत नाही.

क्रमांक सातशे सहावर मात्र मी अडले.
स्त्री, एकोणचाळीस, पाचपावली.
अकरा : नाही.
चोवीस : तीन.
एकतीस, यापूर्वी कधी खाल्ला होता का : कधीच नाही.
बत्तीस, किती वर्षांपासून : सोळा.
शिलाई मशीनच्या सुईसारखी
वर, खाली, वर, खाली.

मूळ फॉर्म काढला. सुतळीची गाठ दातांनी सोडावी लागली.
शेऱ्याच्या रकान्यात, जो आम्ही संगणकात भरलाच नव्हता,
हेडाऊबाईंचं पेन्सिलीतलं अक्षर:
सासू समोर. प्र. २० ला सासू दळण आणाले गेली.
प्र. २६ ला वापस आली.
प्र. ३२ ला कूलरमधी पाणी टाकाले गेली.

बाई तीच. खोली बदलत होती.

हेडाऊबाईंना फोन लावला. त्या नंदनवनच्या बसमध्ये.
"हो नं, आठवते. हुशार बाई होती.
म्हातारी उठली का बोले, बसली का चूप.
मी पाणी मागितलं, तं सूनच उठली,
म्हातारी जागची हलेना.
मंग मीच म्हटलं, आजी,
कूलर कोरडा चालून राहिला जी."
हसल्या. मग कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडू लागल्या.

आता हिच्यासाठी ओळ कशी लिहायची?
जर सासू समोर, तर...
असा चलच नाही आमच्याकडे.
बाराशे अठ्ठेचाळीस घरांत समोर कोण बसलं होतं,
कुणाचा बाप, कुणाची सातवीतली मुलगी,
की दाराआड नुसत्या बांगड्या,
हे प्रश्नावली करताना कुणाला सुचलं नाही.
मलाही नाही. प्रश्न एकवीस ते चाळीस माझेच.

साडेतीनला आईचा फोन : जेवली का?
हो, म्हटलं.
डबा बॅगेत होता, सकाळी दिला तसा.
भाजी कोणती होती, हे तिनं विचारलं नाही.

मूळ रकान्याला हात लावला नाही.
शेजारी नवा उघडला, तिथं सातशे सहाला एक दिला.
त्याच्या शेजारी आणखी एक. नाव सुचेना,
शेवटी लिहिलं, समोर.
बाराशे सत्तेचाळीस जागी नव्व्याण्णव, म्हणजे माहीत नाही;
गठ्ठे अजून सुतळीतच आहेत.
एका जागी : सासू, ये-जा.

सरांनी दारातून डोकं घातलं,
झाला का डेटा साफ?
हो, म्हटलं,
आणि बादली घेऊन कूलरकडे गेले.